बिसी बेळे भात, न शिजणारी डाळ आणि माझा फसता फसता वाचलेला निष्कर्ष



पेट झाली, आता संशोधन आराखडा लिहायचाय, आणि 'चल', 'नियंत्रण', 'कार्यात्मक व्याख्या' हे शब्द पाठ आहेत पण नेमके कुठे लावायचे ते कळत नाही, असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. माझंही पहिल्या वर्षी तेच होतं. पुस्तकातली व्याख्या तोंडपाठ, पण गाईडने "तुझ्या कामात हे कुठंय?" असं विचारलं की तोंड बंद.

म्हणून आज पुस्तकातलं उदाहरण न घेता आमच्या स्वयंपाकघरातलं घेते. पदार्थ आहे बिसी बेळे भात. गाव लोहारा, धाराशिव जिल्हा. आणि प्रश्न साधा आहे : डाळ का शिजत नाही? या प्रश्नावरून आमच्याकडे दोन घरांमध्ये अबोला धरायची वेळ आली होती, आणि त्यात तेल ओतण्याचं काम जवळजवळ मीच केलं असतं. ते कसं, ते शेवटी सांगते.

आधी पदार्थ समजून घेऊ

लोहारा म्हटलं की बाहेरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवतो, कारण सास्तूर आमच्याच तालुक्यात आहे. पण आमच्या भागाची रोजची ओळख म्हणजे काळी जमीन, सोयाबीन आणि त्यातली तूर. इथून कर्नाटकची हद्द फार लांब नाही. आळंद, बसवकल्याण इकडे सोयरिकी आहेत, बऱ्याच घरांत एक तरी माणूस कन्नड बोलतं. माझी मावशी तिकडेच दिलेली. आई बिसी बेळे भात तिच्याकडून शिकली.

कन्नडमध्ये बिसी म्हणजे गरम आणि बेळे म्हणजे डाळ. तिसरा शब्द 'बात' हा आपल्या भाताचाच भाऊबंद. याची गंमत बघा. वांग्याला कन्नडमध्ये बदनेकायी म्हणतात, तरी तिकडच्या पदार्थाचं नाव मात्र 'वांगी बात'. शिजलेल्या भाताला कन्नडमध्ये अन्न म्हणतात, आणि आपल्या पदार्थाचं दुसरं नाव आहे 'बिसी बेळे हुळी अन्न'. यातला 'हुळी' म्हणजे आंबट. हा आंबट शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय याच्या मसाल्यात जी वाळलेली कळी घालतात तिला कन्नडमध्ये 'मराठी मोग्गू' म्हणतात. मोग्गू म्हणजे कळी. नाव मराठी, पण आमच्या लोहाऱ्याच्या किराणा दुकानात ती मिळत नाही! आई तिच्याऐवजी आपलं घरचं काळं तिखट थोडं घालते.

इथेच संशोधनाची पहिली गोष्ट. या पदार्थाबद्दल कुठेही वाचा, "म्हैसूरच्या राजवाड्यात जन्मलेला पदार्थ" हे वाक्य हमखास भेटतं. नवखा विद्यार्थी काय करतो? दहा ठिकाणी तेच सापडलं म्हणजे दहा पुरावे झाले असं समजतो. पण दहाही जणांनी ते एकमेकांवरून उतरवलेलं असेल तर तो पुरावा दहा पट होत नाही, दावा एकच राहतो. संबंधित साहित्याचा आढावा घेताना "किती जणांनी म्हटलंय" हे मोजू नका. "पहिल्यांदा कोणी आणि कशाच्या आधारावर म्हटलंय" तिथपर्यंत मागे जा. तिथपर्यंत जाता आलं नाही तर वाक्यात "असं सांगितलं जातं" एवढंच लिहा. एवढं एक वाक्य तुमची लाज राखतं.

आता आईची रीत. एक वाटी तांदूळ, एक वाटी तूरडाळ. दोन्ही धुऊन, हळद आणि चमचाभर तेल घालून, भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवायचं. दुसरीकडे शेवगा, गाजर, श्रावण घेवडा, वाटाणे, छोटे कांदे अर्धवट शिजवून घ्यायचे. मसाला म्हणजे धने, जिरे, थोडी मेथी, हरभरा डाळ, उडीद डाळ, दालचिनी, लवंग, खसखस, सुकं खोबरं आणि ब्याडगी मिरची. हे सगळं भाजून कुटायचं. मग भाज्यांमध्ये चिंचेचा कोळ, मसाला, मीठ, गुळाचा खडा घालून उकळी आणायची, त्यात शिजलेला डाळ-भात सोडायचा, गरम पाणी घालून सैल करायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. वरून तुपाची फोडणी : मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे. आणि नावातच 'बिसी' आहे, तेव्हा गरम गरमच वाढायचं, कारण गार होताना तांदळातला स्टार्च घट्ट बसत जातो आणि भाताचा गोळा होतो.

नुसत्या चवीसाठीच नाही, पोषणासाठीही ही जोडी चांगली. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. पण हे सगळं पोटात जायला आधी डाळ शिजली पाहिजे ना!

भांडण कुठून सुरू झालं

आई, शेजारच्या काकू आणि आणखी तिघी मिळून तूर भरडून डाळ विकतात. आधी जात्यावर करायच्या, आता लहान डाळमिलवरून करून आणतात. तुरीला तेल-पाण्याचा हात लावणं, उन्हात वाळवणं, पाखडणं, निवडणं हे सगळं घरीच. एका वसतिगृहाच्या मेसने त्यांच्याकडून डाळ घेतली. आठ दिवसांत पोतं परत. निरोप काय, तर "तुमची डाळ शिजत नाही, पोरं ताटात टाकून देतात."

परत आलेलं पोतं काकूंच्या शेतातल्या तुरीचं होतं, गेल्या वर्षीचं. 'जुना माल आधी संपवू' म्हणून तेच पाठवलं होतं. यंदाची डाळ आमच्या शेतातली. मग व्हायचं तेच झालं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण "आमची कुठं अशी असते" असं एक वाक्य आईच्या तोंडून गेलं आणि ते काकूंच्या कानावर गेलं. काकू हिशेबाला यायच्या थांबल्या. पैसे तर अडकलेच होते, वर माणूसही तुटायला लागलं.

मी सुट्टीत घरी आले तेव्हा हे चालू होतं. आई म्हणाली, "तू एवढं शिकायलीस ना त्या अन्नाचं, मग सांग की डाळ कशानं शिजंना."

मी लगेच उत्तर देणार होते. आणि तीच पहिली चूक झाली असती.

एकाच वेळी किती गोष्टी बदलल्या?

आईच्या डोक्यात तुलना अशी होती : "आमच्या घरी डाळ शिजते, मेसमध्ये शिजत नाही, म्हणजे पाठवलेली डाळ वाईट." ऐकायला बरोबर वाटतं. आता घर आणि मेस यांच्यात काय काय वेगळं होतं ते मांडू.

घरी यंदाची डाळ, मेसमध्ये गेल्या वर्षीची. घरी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आम्ही आरओचा जार घेतो, मेसमध्ये बोअरचं पाणी. आणि तिसरी गोष्ट मला मेसमधल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींना फोन केल्यावर कळली. त्यांनी बिसी बेळे भात करताना वेळ वाचावा म्हणून डाळ, तांदूळ, भाज्या, मसाला आणि चिंचेचा कोळ सगळं एकदमच कुकरला लावलं होतं.

म्हणजे परिणाम एक, डाळ कच्ची राहणं. संशयित तीन : डाळ, पाणी आणि चिंच. आणि तिन्ही एकाच वेळी बदललेले. संशोधनात याला कन्फाउंडिंग म्हणतात, आपण सरमिसळ म्हणू. सरमिसळ झालेल्या तुलनेतून कारण काढता येत नाही, मग तुम्ही तुलना हजार वेळा करा. घर आणि मेस यांची शंभर दिवसांची नोंद ठेवली असती तरी शंभरही दिवस तिन्ही गोष्टी सोबतच बदलल्या असत्या. नमुना वाढवून सरमिसळ सुटत नाही. ती रचनेतच सोडवावी लागते. हे वाक्य आराखडा लिहिताना समोर चिकटवून ठेवा.

तिघांवर संशय का घ्यायचा?

गृहीतक म्हणजे मनाला आलेला अंदाज नाही, त्याच्या मागे यंत्रणा सांगता आली पाहिजे. तर डाळ शिजते म्हणजे नेमकं काय होतं?

डाळीचा दाणा पेशींचा बनलेला असतो. दोन पेशींच्या मध्ये पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, विटांमधल्या सिमेंटसारखा. गरम पाण्यात हे पेक्टिन विरघळतं, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि दाणा बोटात मऊ लागतो. पेक्टिन सुटलं नाही तर आतला स्टार्च फुगला तरी दाण्याचा कण तसाच राहतो.

आता पाणी. आमच्याकडचा खडक बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा दगड. त्यातून मुरून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, ही त्याचीच खूण. कॅल्शियमचा आयन पेक्टिनच्या दोन साखळ्यांना मधोमध धरतो आणि न विरघळणारं कॅल्शियम पेक्टेट तयार होतं. सिमेंट आणखी पक्कं! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यासाठी चालेल असं पाणीही डाळीला जड जाऊ शकतं.

मग चिंच. पेक्टिनची साखळी तुटायला पाणी साधारण उदासीन किंवा थोडं अल्कधर्मी असलेलं बरं पडतं. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाने आम्लता वाढते आणि ही साखळी तुटण्याचा वेग खूपच मंदावतो. म्हणूनच आमटीत चिंच आधी घालू नये असं आजी सांगायची. आणि म्हणूनच जुन्या रीतीत डाळ-भात आधी पूर्ण मऊ करतात, 'हुळी' नंतर. त्या क्रमाला शिस्त म्हणा, चव म्हणा, पण रसायनशास्त्र त्याच्या बाजूने आहे. भाज्यांचंही तसंच. अर्धवट शिजवून आंबटात टाकल्या की गाजर-शेवगा मोडत नाही, कारण त्यांचं पेक्टिन तिथेच थबकतं.

आता डाळीचं वय. उष्ण आणि दमट जागी फार दिवस राहिलेली कडधान्यं शिजायला कठीण होतात, हे जगभर नोंदलेलं आहे. १९४६ साली स्वीडनमध्ये मॅटसन यांनी पिवळ्या वाटाण्यावर काम करून त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं, जे पुढे इतरांनी वाढवलं. दाण्यात फायटेट नावाचं फॉस्फरसचं संयुग असतं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं. साठवणीत एन्झाइममुळे फायटेट तुटतं, धरलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. शिवाय बाहेरून आलेलं कॅल्शियम पकडायला आता पुरेसं फायटेटही उरत नाही.

शेवटचं वाक्य परत वाचा. यातून एक भाकीत निघतं : जुनी डाळ साध्या पाण्यात थोडी मागे पडेल, पण जड पाण्यात फारच मागे पडेल. दोन कारणांचा परिणाम नुसता बेरजेचा नसेल, एकामुळे दुसऱ्याचा जोर वाढेल. याला आंतरक्रिया म्हणतात. चांगलं गृहीतक "फरक पडेल" एवढ्यावर थांबत नाही, "कुठे जास्त पडेल" तेही सांगतं.

चार भांड्यांची रचना

बहुतेक विद्यार्थी आराखड्यात लिहितात, "एका वेळी एकच चल बदलू." चुकीचं नाही, पण त्याने आंतरक्रिया दिसत नाही. आधी पाणी तेच ठेवून डाळ बदलली, मग डाळ तीच ठेवून पाणी बदललं, तर 'जुनी डाळ आणि जड पाणी' ही जोडी कदाचित तपासलीच जाणार नाही. म्हणून मी दोन डाळी आणि दोन पाणी यांच्या चारही जोड्या केल्या :

यंदाची डाळ, आरओचं पाणी.
यंदाची डाळ, बोअरचं पाणी.
गेल्या वर्षीची डाळ, आरओचं पाणी.
गेल्या वर्षीची डाळ, बोअरचं पाणी.

डाळ आणि पाणी हे स्वाश्रयी चल. डाळ शिजायला लागलेला वेळ हा आश्रयी चल. बाकी सगळं नियंत्रित : प्रत्येक वेळी ५० ग्रॅम डाळ, ५०० मिलिलिटर पाणी, तेच पातेलं, तीच शेगडी, त्याच आचेची खूण. डाळ न भिजवता उकळत्या पाण्यात टाकायची आणि तिथून घड्याळ सुरू. कुकर मुद्दाम घेतला नाही, कारण कुकरच्या आत काय चाललंय ते बघता येत नाही. तो शिट्ट्या मोजतो, शिजणं मोजत नाही.

पण 'शिजली' म्हणजे काय? आईची व्याख्या "घोटली की एकजीव व्हावी", माझी "मऊ लागली की झालं". दोघींनी मोजलं तर दोन उत्तरं येणार. इथे कार्यात्मक व्याख्या लागते, म्हणजे मोजायची कृतीच व्याख्येत लिहायची. मी ठरवलं : ठरावीक वेळाने १० दाणे काढायचे, अंगठा आणि तर्जनीत दाबायचे, १० पैकी ९ दाण्यांत कण लागला नाही की ती वेळ म्हणजे शिजण्याची वेळ. प्रयोगशाळेत यासाठी मॅटसन यांच्याच नावाचं उपकरण आहे. आज जे जास्त दिसतं त्यात २५ वजनदार दांडे एकेका दाण्यावर टेकवून ते उकळत्या पाण्यात ठेवतात. दाणा मऊ झाला की दांडा त्याला भोसकून खाली पडतो. किती दांडे पडले यावरून वेळ ठरवतात. माझी बोटं आणि ते दांडे काम एकच करतात. फरक इतकाच, की बोटांना पक्षपात असतो.

तो पक्षपात कमी करायला दोन गोष्टी केल्या. प्रत्येक जोडी तीन वेळा, म्हणजे एकूण १२ पातेली, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. का? सकाळी सगळी यंदाची आणि संध्याकाळी सगळी गेल्या वर्षीची केली असती तर सिलिंडरचा दाब, माझा थकवा, सगळं वयात मिसळलं असतं. दुसरं, दाबायला भावाला बसवलं. वाटीच्या तळाला नंबर, वर काही नाही. कोणती डाळ, कोणतं पाणी, त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक असतं तर काकूंच्या डाळीत कण मला जरा लवकर 'लागला' असता. आईला तर नक्कीच!

चिंचेसाठी वेगळी जोडी केली. डाळ तीच, पाणी आरओचंच. एकात कोळ सुरुवातीला, दुसऱ्यात डाळ शिजल्यावर.

काय दिसलं

मिनिटांचे आकडे मी मुद्दाम इथे टाकत नाही. एका घरातल्या एका शेगडीवरचे आकडे व्हॉट्सॲपवर "संशोधनानुसार" म्हणून फिरायला वेळ लागत नाही. दिशा मात्र सांगते.

दोन्ही डाळी आरओच्या पाण्यात व्यवस्थित शिजल्या. परत आलेल्या पोत्यातलीसुद्धा! यंदाची थोडी आधी, गेल्या वर्षीची थोडी मागून. बोअरच्या पाण्यात दोन्हींना जास्त वेळ लागला. आणि गेल्या वर्षीची डाळ बोअरच्या पाण्यात सगळ्यात मागे राहिली, बऱ्याच फरकाने. तिन्ही फेऱ्यांत क्रम तोच. चिंचेचा कोळ सुरुवातीला घातलेलं पातेलं तर आम्ही शेवटी कंटाळून उतरवलं, तरी दाणा टचटचीतच.

मी खूश. भाकीत केलेली आंतरक्रिया समोर दिसत होती. वहीत लिहून टाकलं : "निष्कर्ष : पाणी, चिंच आणि डाळीचं वय. साठवणीने जुनी झालेली डाळ जड पाण्यात शिजत नाही." दुसऱ्या दिवशी पाचही जणींना बोलावून हेच सांगायचं ठरवलं. म्हणजे सभ्य भाषेत का होईना, काकूंच्या डाळीत खोट आहेच, असं मी सगळ्यांसमोर सांगणार होते.

आईने काढलेली चूक

रात्री आई वही बघत होती. शाळा सातवीपर्यंत. चार ओळींचा तक्ता बराच वेळ बघून म्हणाली, "आगं पण काकूच्या रानात गेल्या साली पांढरी तूर व्हती. आपली लाल हाय. मग ह्यो फरक जुन्याचा का वाणाचा?"

मी गप्प.

आमच्या भागात बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे वाण बरेच लावतात. त्यातलं बीडीएन-७११ पांढऱ्या दाण्याचं, बीडीएन-७१६ लाल दाण्याचं. पण हा रंग टरफलाचा. टरफल निघालं की आतली डाळ दोन्हींची पिवळीच. मला फक्त दोन पिवळ्या डाळी दिसत होत्या, म्हणून मी त्यांना 'यंदाची' आणि 'गेल्या वर्षीची' अशी नावं देऊन मोकळी झाले. प्रत्यक्षात त्या दोन पोत्यांत वय वेगळं होतं, वाण वेगळं होतं, शेत वेगळं होतं, माती वेगळी होती. मॅटसन यांच्याच कामात मातीतून मिळालेल्या फॉस्फरसचा संबंध शिजण्याशी जोडलेला आहे, आणि मी तो पेपर वाचून शेताचा रकाना वहीत केलाच नव्हता!

थोडक्यात, घर आणि मेसच्या तुलनेत सरमिसळ आहे म्हणून मी आईला व्याख्यान दिलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या चार भांड्यांत तीच सरमिसळ बसली होती. डाळीच्या दोन गटांना मी जे नाव दिलं, तेच कारण असेल असं मी धरून चालले. तुमच्या आराखड्यात 'ग्रामीण विद्यार्थी' आणि 'शहरी विद्यार्थी' असे दोन गट असतील तर तिथेही हेच होतं. गटाचं नाव एक असतं आणि त्या नावाखाली पाच गोष्टी वेगळ्या असतात.

मग सगळंच वाया गेलं का? नाही. हे नीट समजून घ्या.

पाण्याबद्दलचा निष्कर्ष टिकतो. कारण प्रत्येक डाळ दोन्ही पाण्यांत शिजवली होती. त्याच पोत्यातली डाळ, तेच वाण, तेच वय, फक्त पाणी बदललं आणि वेळ बदलली. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमशिवाय आणखीही क्षार असतात, म्हणून "या बोअरच्या पाण्याने वेळ वाढते" इतकं म्हणायचं. "कॅल्शियमनेच" म्हणायचं तर आरओच्या पाण्यात मोजून कॅल्शियम घालून आणखी एक पातेलं चढवावं लागेल. चिंचेचाही निष्कर्ष टिकतो, त्याच कारणाने.

पडतो तो वयाबद्दलचा. दोन पोती एकमेकांपेक्षा वेगळी वागली, इतकंच खरं. का, ते या रचनेतून निघत नाही. आणि तीन फेऱ्या केल्या म्हणून वाचत नाही, कारण तिन्ही फेऱ्या त्याच दोन पोत्यांतून होत्या. पोतं एकच असेल तर त्यातून तीन वाट्या काढल्याने तीन पोती होत नाहीत. संशोधनात याला खोटी पुनरावृत्ती म्हणतात, आणि छापून आलेल्या कामांतही ती सापडते.

माझं भाकीत जुळलं होतं, हेच मला भोवलं. यंत्रणा सुंदर होती, निकाल तिच्याशी जुळत होता, म्हणून तपासायची गरजच वाटली नाही. निकाल मनासारखा आला की त्या दिवशी वही बंद करू नका. तो तक्ता अशा माणसाला दाखवा ज्याला तुमचं गृहीतक माहीत नाही, पण शेत माहीत आहे.

मग काय ठरलं

दुसऱ्या दिवशी पाचही जणी आल्या. काकूही आल्या, जरा बाजूला बसल्या. मी परत आलेल्या पोत्यातली डाळ घेतली, आरओच्या पाण्यात चढवली, चिंच शेवटी घातली आणि बिसी बेळे भात केला. काकूंनी दाणा बोटात दाबून बघितला. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढून घेतला. आई म्हणाली, "माझंच चुकलं बाई, मी आधी बोलून बसले." त्यावर काकू म्हणाल्या, "आता भात गार कशाला करताव, खावा की." आमच्याकडे एवढ्यावर मिटतं.

मेसच्या मावशींना दोन गोष्टी कळवल्या : चिंच शेवटी घाला आणि डाळीपुरतं पाणी आरओचं घ्या. आरओ नसेल तर पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्यावर पांढऱ्या साक्यात खाली बसतो, सगळा नाही पण काही कमी होतो. खायचा सोडा त्या आधीपासून टाकत होत्या. सोड्याने डाळ लवकर शिजते हे खरं, पण ब-१ जीवनसत्त्व त्यात नष्ट होतं. वसतिगृहातल्या वाढत्या पोरांच्या ताटात ते नको. मावशींनी डाळ पुन्हा मागवली आहे.

आता पाकिटावर एक ओळ छापायची ठरली. माझ्या पहिल्या निष्कर्षाप्रमाणे ती ओळ झाली असती, "सहा महिन्यांच्या आत वापरा." तसं छापलं असतं तर काकूंकडचा उरलेला सगळा माल एका फटक्यात पडून राहिला असता, तोही माझ्याकडे नसलेल्या पुराव्यावर. आता ओळ अशी आहे : "गोड्या पाण्यात शिजवा. चिंच, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावर घाला."

वयाचा प्रश्न सोडलेला नाही. यंदा आमच्या लाल तुरीतले आणि काकूंच्या पांढऱ्या तुरीतले दोन-दोन डबे भरून ठेवलेत, तारीख, वाण आणि शेताचं नाव लिहून. दोन्हींचा एक डबा कोरड्या, थंड खोलीत आणि एक पत्र्याखाली. पुढच्या वर्षी त्याच वाणाची, त्याच शेतातली नवी डाळ शेजारी ठेवून बघणार. तेव्हा 'जुनी' या शब्दाला काही अर्थ येईल.

तुम्हाला एकच गृहपाठ. तुमच्या आराखड्यातले दोन गट एका कागदावर लिहा आणि खाली, नावाशिवाय त्यांच्यात आणखी काय काय वेगळं आहे, त्याची यादी करा. यादी पाचच्या पुढे गेली तर घाबरू नका. आधी करा म्हणजे झालं. माझी यादी आईने केली, तीही सगळी पातेली घासून झाल्यावर.

भेटू पुढच्या लेखात.